गप्पांची खोली बंद झाली तेव्हा

नसीम,

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. तुझ्या भावानं, सलीमभाईंनी, परवा विचारलं, "अंजली, नसीमबद्दल चार ओळी लिहून देता का, पेपरात छापायला?" मी हो म्हटलं आणि बसले लिहायला. जन्म कधीचा, शिक्षण किती, आजार कोणता, मागं कोण कोण. सगळं ओळीनं आलं. वाचून पाहिलं तर ती कुणी भलतीच बाई वाटली. मी तो कागद फाडला. तुला ओळखणाऱ्यांना हे सगळं ठाऊक आहे, आणि मला तुझ्याबद्दल नाही, तुझ्याशी बोलायचंय.

तुझ्याशी बोलायचं म्हणजे समोर येऊन, उजेडाकडं तोंड करून, सावकाश. तीस वर्षं मी तशीच बोलले. सहावीत असताना दिवाळीच्या आधी तुला ताप आला, आणि तो उतरला तेव्हा तुझे कान गेले होते. सुट्टीनंतर तू शाळेत आलीस आणि नेहमीसारखी माझ्या शेजारी बसलीस. बाईंनी हजेरी घेतली, तुझं नाव दोनदा पुकारलं. मी तुला कोपरानं ढोसलं आणि तू इतक्या मोठ्यानं "हजर!" म्हणालीस की शेजारच्या वर्गातून मुली डोकावल्या. अख्खा वर्ग हसला. तू माझ्याकडं पाहिलंस आणि मी, तुझी मैत्रीण, मीसुद्धा हसत होते. त्या दिवसापासून वर्गात तू तोंड उघडायचं बंद केलंस.

माझ्याशी मात्र बोलायचीस. मी तुझ्याकडं तोंड करून बोलायला शिकले, तू ओठ वाचायला शिकलीस. मिशीवाल्यांचं काही कळत नाही म्हणून तुझी कायमची तक्रार. तुझी बोली तिथंच अकराव्या वर्षी थांबली, तुमच्या गल्लीतली, अगदी तशीच. मी शिकले, नोकरीला लागले, वेल्ह्याच्या तहसील कचेरीत कारकून झाले, माझं बोलणं कागदासारखं झालं. तू चाळिशीतही "अंजे, लई शाणी झालीस व्हय?" असंच विचारायचीस, आणि ते पार कोपऱ्यापर्यंत ऐकू जायचं.

तुझा आवाज मोठा होता, सपाट होता, आणि कुठं चढवायचा, कुठं उतरवायचा हे तुला कळायला मार्ग नव्हता. भोरच्या स्टँडवर तू तिकीट मागितलंस की लोक वळून बघायचे. तू बघणाऱ्यांकडं बघायचीस. मग हळूहळू तू घरातच फॉल-पिकोचं मशीन टाकलंस आणि बायका साड्या घेऊन तुझ्याकडं येऊ लागल्या. बोलायचं काम अम्मी करायची, शिवायचं तू.

कम्प्युटरच्या क्लासला मीच तुला ओढत नेलं, हे मी अभिमानानं सांगते. आमच्या कचेरीत कम्प्युटर येणार होता, सगळ्यांनी शिकून घ्या असं साहेबांनी सांगितलं होतं. मला एकटीला जायचा संकोच वाटायचा. दोन हजार साल असेल. मी दोन महिन्यांत फक्त माझं नाव लिहायला शिकले. तुझ्या टायपिंगच्या परीक्षा आधीच झालेल्या. यंत्राचा ठोका बोटांना कळतो, त्याला कान लागत न्हाईत, असं तू म्हणायचीस. सर तुझ्याकडं बघतच राहायचे.

शेवटच्या दिवशी सरांनी इंटरनेट दाखवलं. कुठल्याशा परदेशी कंपनीची फुकटची सोय होती, गप्पांच्या खोल्या. त्यात एक खोली मराठी लोकांची. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. एका वेळी पाच-दहा माणसं आत असायची, प्रत्येकानं घेतलेलं टोपणनाव, आणि एकाखाली एक ओळी सरकत जायच्या. सरांनी तुला नाव विचारलं. तू 'नीरा' लिहिलंस, आपल्या नदीचं. आत गेल्यावर कुणीतरी लिहिलं, "नमस्कार नीरा, जेवलात का?"

तू लगेच लिहिलंस, "जेवले. तुम्ही वाढणार होता का?"

खाली धडाधड ओळी आल्या, हा हा हा, हा हा हा. तू माझ्याकडं वळलीस.

"हासले का त्ये?"

"हसले."

"मला?"

"नाही गं. तुझ्या बोलण्याला."

तू परत पडद्याकडं पाहिलंस. तुझा चेहरा मला अजून दिसतो. लोक आपल्याला न हसता आपल्या बोलण्याला हसतात, हे तुला वीस वर्षांनी पहिल्यांदा दिसत होतं.

त्यानंतर रोज दुपारी बारा ते एक तू क्लासला. त्या वेळी क्लास रिकामा असायचा. अम्मीला सुरुवातीला कळेना, ही काय करते तिथं. "मशीनसमोर बसून हासते," ती मला सांगायची, "येकटीच हासते पोरगी. बरी हाय ना?" मी सांगितलं, बरी आहे, पहिल्यांदाच बरी आहे.

त्या खोलीतली माणसं मला तुझ्या तोंडून माहीत झाली. मिरजेच्या काकी, शाळेतून निवृत्त झालेल्या, लेकीच्या घरी कम्प्युटर होता म्हणून येणाऱ्या. नाशिकचा 'वाघोबा', बँकेत नोकरी, सगळ्यांवर डरकाळ्या फोडणारा. सोलापूरचे नवरा-बायको, जे एकाच नावानं यायचे आणि कोण लिहितंय हे बाकीच्यांनी ओळखायचं. आणि तू. खोलीत सगळ्यात चटपटीत तू होतीस, हे मी शेजारी बसून स्वतः पाहिलंय. काकी तुला "कात्री" म्हणायच्या. वाघोबाची डरकाळी तू एका ओळीत बसवायचीस.

त्यांना तुझ्या कानांचं काहीच माहीत नव्हतं. मी म्हणायचे, सांगून टाक. तू म्हणायचीस, "कशाला? हितं कोण ऐकतंय? समदेच वाचत्यात." तरी मी वाद सोडला नाही. आपली माणसं आहेत म्हणतेस आणि आपलं मुख्य त्यांच्यापासून लपवतेस, असं मी म्हणायचे. तू म्हणालीस, "ह्ये माझं मुख्य हाय, आसं कोण म्हनलं?" त्या वादात तू बरोबर होतीस. तेव्हा मी हे कबूल केलं नव्हतं. आता करते.

मग ते फोनचं झालं.

तुला टायफॉइड झाला, तीन आठवडे तू अंथरुणावर. खोलीत नीरा नाही. एक दिवस वेल्ह्याला कचेरीत फोन वाजला, शिपायानं मला बोलावलं. पलीकडं काकी. तू त्यांना माझं नाव आणि कचेरी गमतीत कधीतरी सांगितली होतीस, त्यावरून त्यांनी नंबर शोधून काढला होता. "अंजलीबाई, आमच्या नीराला काय झालंय? आम्हांला झोप नाही हो." लाइन खरखरत होती, मी ओरडूनच सांगितलं, ताप आहे, उतरेल. त्या म्हणाल्या, "एकदा तिचा आवाज ऐकवाल का? एकदाच."

तिथंच खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी भोरच्या एसटीडी बूथवरून मी काकींना फोन लावला आणि म्हटलं, "काकी, मी नीरा."

दहा मिनिटं बोलले. तुझ्यासारखी थट्टाही केली एक-दोनदा. काकी रडल्या, मग हसल्या, म्हणाल्या, "किती गोड आवाज आहे गं तुझा!" बूथमधून बाहेर पडले तेव्हा मला वाटत होतं की मी एक चांगलं काम केलंय. हे सगळ्यात वाईट.

तू बरी झालीस, बारा वाजता क्लासला गेलीस, खोलीत शिरलीस. सगळे तुझ्या गोड आवाजाबद्दल लिहीत होते. काकींनी खोलीभर सांगितलं होतं.

त्या दिवशी तू पहिल्यांदा एकटी वेल्ह्याला आलीस. नसरापूरला गाडी बदलून, कंडक्टरला मोठ्यानं विचारत, सगळ्यांच्या नजरा झेलत. कचेरीत माझ्या टेबलासमोर उभी राहिलीस. दाखल्यासाठी आलेले लोक रांगेत, साहेब आत, मिशीवाले हेडक्लार्क शेजारी. आणि तू म्हणालीस, कचेरीच्या पत्र्यापर्यंत जाईल अशा आवाजात, "माझा आवाज ग्वाड न्हाई, अंजे! ह्यो हाय माझा आवाज! समद्या भोरला म्हाईत हाय! तू कोन माझा आवाज बदलनारी?"

मी उठून काहीतरी बोलायला लागले, नसीम, ऐक तरी, बाहेर चल. आणि तू डोळे मिटलेस.

तुझ्याशी भांडण्यात ही एकच मोठी अडचण होती. तू डोळे मिटलेस की समोरच्याचं बोलणं संपलं. माझे ओठ हलत होते आणि तुझ्यापर्यंत काही पोचत नव्हतं. मग तू डोळे उघडलेस ते दाराकडं तोंड करून, आणि गेलीस. हेडक्लार्क म्हणाले, "बहिणीचं भांडण आहे का?" मी म्हटलं, हो.

चार महिने आपण बोललो नाही. तुमच्या गल्लीवरून जाताना मशीनचा आवाज यायचा आणि मी भरभर पाऊल उचलायचे.

बोलणं सुरू झालं ते कंपनीमुळं. एका रविवारी सकाळी तू दारात. हातात क्लासवरून छापून आणलेला कागद. "वाच," म्हणालीस. इंग्रजीत होतं. तुला वाचता येत होतं, मला माहीत होतं की तुला येत होतं. पण तू कागद पुढं केलास आणि माझ्या ओठांकडं बघत उभी राहिलीस. मी वाचून सांगितलं: कंपनी ही सोय बंद करत आहे. तीस दिवसांनी सगळ्या खोल्या बंद होतील. आजवर साथ दिल्याबद्दल आभार.

"तीस दिवस," तू म्हणालीस.

"हो."

"मंग मानसं कुठं जानार?"

मी म्हटलं, अशाच दुसऱ्या सोयी असतील. तू मान हलवलीस. तुझं म्हणणं मला नंतर कळलं. दुसरी खोली मिळाली असती, पण हे पाच-दहा जण एकत्र तिथं येतील याची खात्री कुणी द्यायची?

घरात तुला कुणी समजून घेतलं नाही असं मी म्हणणार नाही, पण सलीमभाई हसले. कम्प्युटरमधली गंमत बंद झाली म्हणून कुणी जेवण सोडतं का, असं ते म्हणाले. अम्मीनं त्यांना गप्प केलं. "गंमत नव्हं ती. तिची बोलायची जागा होती. तुझं हायवेवरचं दुकान उद्या उचललं तर तू हासशील का?" सलीमभाई दुकानाला निघून गेले आणि संध्याकाळी येताना तुला आवडणारी नानकटाई घेऊन आले.

इकडं खोलीत घाई सुरू झाली होती. बंद व्हायच्या आत एकमेकांचे फोन नंबर घेऊ, म्हणजे तुटायला नको. सोलापूरकरांनी दिला, काकींनी दिला. आता आपण फोनवर बोलू, खरं खरं बोलू, म्हणून सगळे खूश. आणि काकी रोज लिहायच्या, "नीरा, तुझा नंबर दे गं. तो गोड आवाज परत ऐकायचाय."

मी करून ठेवलेलं आता तुझ्या गळ्यात आलं होतं. माझा तो फोन झाला नसता तर तू सरळ सांगू शकली असतीस. आता सांगायचं म्हणजे माझं खोटंही उघडं करायचं. न सांगायचं म्हणजे गुपचूप नाहीसं व्हायचं. मी म्हटलं, मी काकींना फोन करून सगळं सांगते, माझी चूक आहे. तू माझ्या तोंडापुढं हात आणलास.

"तू गप बस. या टायमाला मी बोलनार."

खोली बंद व्हायला चार दिवस राहिले होते. मी रजा काढून तुझ्या शेजारी बसले होते. तू लिहिलंस, "सगळ्यांना एक सांगायचं आहे. मला फोन करू नका. मला ऐकू येत नाही, अकराव्या वर्षापासून. माझं नाव नसीम. नीरा ही आमच्या गावची नदी. बाकी मी जे काही लिहिलं ते सगळं खरं आहे. ज्यांना भेटायचं आहे त्यांनी भोरला या."

पडदा थांबला. एवढ्या बोलक्या माणसांच्या खोलीत एकही ओळ येईना. तू हात मांडीवर ठेवून बसली होतीस आणि मी तुझ्याकडं न बघता पंख्याकडं बघत होते.

मग काकींची ओळ आली. "मग माझ्याशी फोनवर कोण बोललं?"

तू माझ्याकडं एकदा पाहिलंस. मग लिहिलंस, "माझी मैत्रीण. मी तापानं पडले होते, ती घाबरली होती. तुम्हाला काळजीत ठेवायचं तिच्या जिवावर आलं. बाई चांगली आहे, घाई फार करते."

नसीम, चार महिने माझ्याशी बोलली नव्हतीस, आणि माझी बाजू मांडलीस ती अशी. मी तिथंच रडले. तू चिडलीस. "रडू नगंस, मला वाचू दे."

वाघोबाची ओळ आली होती. त्यानं नंबर दिलाच नव्हता, तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यानं लिहिलं, "मीही फोनवर बोलत नाही. मी फार अडखळतो. बँकेत मला मागच्या टेबलावर बसवलंय, काउंटरला नाही. म्हणून मी इथं डरकाळ्या फोडतो. मी भोरला येतो."

काकींची ओळ बऱ्याच वेळानं आली. "मला राग आलाय. पण मीही येते. रागावायला तरी समोर यायला हवं."

शेवटच्या दिवशी सगळे बारा वाजताच जमले. एकमेकांच्या खोड्या काढत होते, कुणी निरोपाचं लिहिलं की बाकीचे त्याला ओरडत होते. वाघोबा काहीतरी लांबलचक लिहीत होता, त्याची निम्मी ओळ आली आणि पडदा पांढरा झाला. पान सापडत नाही, एवढंच राहिलं. सरांनी दोन-तीनदा करून पाहिलं. मग ते बाहेर जाऊन उभे राहिले.

पुढचे आठ दिवस तू रोज बाराला क्लासला जाऊन बसायचीस. सर मला म्हणाले, काही करत नाही, फक्त बसते. अम्मी म्हणाली, जाऊ दे तिला, कुणी गेल्यावर माणूस उठून त्याच्या खोलीत जाऊन बसतोच. नवव्या दिवशी तू गेली नाहीस. बाजारातून दोनशे पानी वही आणलीस आणि मला म्हणालीस, "पावनं येनार हायती. घर आवराय ये."

आले चौघं. काकी, वाघोबा, सोलापूरचे दोघं. अम्मीनं आंबेमोहोराचा भात टाकला होता, काकींसाठी भरीत आणि आमटी वेगळ्या भांड्यांत. काकी म्हणाल्या, "एवढं वेगळं कशाला केलंत?" अम्मी म्हणाली, "तुमाला रागवायला ताकद लागंल." काकी हसल्या, तिथंच निम्मा राग गेला. पण मग सगळे एकदम बोलायला लागले. सोलापूरकर एकीकडून, काकी दुसरीकडून. तू इकडून तिकडं मान फिरवत होतीस, एकाचे ओठ पकडलेस की दुसऱ्याचे सुटायचे. वाघोबा तर मान खाली घालून बसलेला, लहानखुरा माणूस, त्याचं "न-न-नमस्कार" संपायच्या आत कुणीतरी पुढचं बोलून जायचं. मला वाटलं, झालं, हे काही जमणार नाही. मी मध्ये पडून तुझ्या वतीनं उत्तरं द्यायला तोंड उघडलं.

तू ताटली वाजवलीस. सगळे थांबले. तू ती वही मध्ये ठेवलीस, पेन ठेवलंस आणि म्हणालीस, "हितं न्हाई कोनी बोलायचं. लिवायचं. खोलीवानी."

आणि तुम्ही लिहिलंत. दोन तास. वही या मांडीवरून त्या मांडीवर. एकानं लिहायचं, बाकीच्यांनी वाकून वाचायचं, मग खदखदून हसायचं. वाघोबा ताठ बसून लिहीत होता आणि त्याच्या ओळीवर काकी डोळे पुसत हसत होत्या. अम्मी चहा घेऊन आली, कुणी कुणाशी बोलत नाही हे बघून घाबरली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "भांडली का काय ही?"

जाताना वही वाघोबा घेऊन गेला. त्यानं चार पानं लिहून ती मिरजेला काकींना पाठवली, काकींनी सोलापूरला, सोलापूरकरांनी भोरला. महिन्या-दीड महिन्यात एक फेरी. वही भरली की दुसरी. नियम तुझा: पान कोरं पाठवायचं नाही, आणि आठ दिवसांपेक्षा जास्त कुणी ठेवायची नाही. उशीर झाला की तुझं कार्ड जायचं. पुढं मोबाईल आले, तू न बघता बोटं चालवून मेसेज पाठवायचीस, तरी वही थांबली नाही. मी एकदा म्हटलं, आता मेसेज आहेत, वहीची काय गरज? तू म्हणालीस, "मोबाईलवाली कंपनी बंद पडली तर?" सहा वर्षं चालू आहे ती. पोस्टमन तुझ्या दारात ओरडायचा नाही, खिडकीवर वही टेकवून उभा राहायचा.

वही सुरू झाली त्याच वर्षी मी तुला म्हटलं होतं, मलाही वहीत घे. तू "न्हाई" म्हणालीस. मी विचारलं, का? "तू हितं हायस की." मी विचारलं, त्या फोनचा राग आहे का अजून? तू मशीनला पाय लावलास आणि साडीकडं बघत राहिलीस. मी दर वर्षी एकदा तरी विचारलं. दर वर्षी "न्हाई". मला ते लागायचं, हे तुला माहीत होतं. बाकी सगळ्यांशी तू लिहून बोलायचीस, आपल्या आवाजात मोठ्यानं बोलायचीस ती घरचे सोडून माझ्याशीच. कधी वाटतं, म्हणूनच मला वहीबाहेर ठेवलंस. कधी वाटतं, नाही, शिक्षाच होती ती. खरं कारण तू सांगितलं नाहीस आणि मी ते ठरवून टाकणार नाही. तुझ्या वतीनं ठरवायची माझी खोड तुला चांगली माहीत आहे.

आणि माफी मी कधी मागितलीच नाही. तू माझी बाजू मांडलीस त्या दिवशी मागायची होती, पण तू म्हणालीस रडू नकोस. मग पाहुणे, मग वही, मग सगळं इतकं छान चाललेलं की जुनं काढायला जीव होईना. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तू झोपूनच असायचीस. मी शेजारी बसून बोलत होते, पण तुला कळायला तू बघायला हवं होतंस. नसीम, मी चुकले होते. मला माफ कर.

तुझी बातमी सगळ्यांना मी कळवली. वाघोबाला मेसेज केला. काकींना फोन केला, कारण त्यांना आता मोबाईलवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत. त्या "हॅलो" म्हणाल्या, मी म्हटलं, "काकी, भोरहून बोलतेय," आणि पलीकडून आवाज आला, "नीरा? बोल गं, नीरा!" मी म्हटलं, "नाही काकी. मी अंजली. नसीम गेली." त्या म्हणाल्या, "सावकाश सांग. सगळं सांग. तुझ्या आवाजात सांग."

वही तुझ्याकडंच होती. तुझी पाळी होती, तुझ्या उशाशी पडलेली. काल सलीमभाईंनी ती माझ्या हातात दिली. शेवटचा मजकूर सोलापूरकरांचा, त्यापुढचं पान कोरं. मी म्हटलं, अम्मी, ही मी तशीच पुढं पाठवते. अम्मी म्हणाली, "कोरी पाठवायची न्हाई, आसं तीच म्हनायची ना? मी सांगते, तू लिव."

मग अम्मी तुझ्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसली आणि सांगत गेली, मी लिहीत गेले.

"समद्यांना नसीमच्या अम्मीचा सलाम. नसीम न्हाई, ह्ये तुमाला कळलं आसंल. हिकडं भात पोटरीला आलाय. तिच्याकडं आलेल्या साड्या मी ज्याच्या त्याला परत दिल्या, येक राह्यली हाय, कुनाची त्ये मला म्हाईत न्हाई. नाशिकच्या पोरा, तू जेवत जा नीट, ती तुझी काळजी करायची. मिरजेच्या बाई, डोळ्याला दाखवा. वही बंद करू नगा. माझी पाळी आली की मी सांगत जाईन, अंजली लिवत जाईल. तिला मी इचारलं न्हाई आजून, पर ती न्हाई म्हननार न्हाई."

मी लिहायची थांबले. अम्मी माझ्याकडं बघत होती.

"लिव की," ती म्हणाली.

मी लिहिलं. मग विचारलं, "अम्मी, शेवटी काही छान लिहू का? आपली नम्र, वगैरे?"

"मी म्हनलं का तसं?"

"नाही."

"मंग नगं."

मी तिला सगळं वाचून दाखवलं. तिनं एके ठिकाणी थांबवून विचारलं, "आसंच म्हनले मी?" मी म्हटलं, असंच. एक शब्द माझा नाही. आज कचेरीला जाताना वही नाशिकसाठी पोस्टात टाकली.

अंजली